गाव वाचलं, किनारा गेला

दक्षिण अटलांटिकमधलं ट्रिस्टन दा कून्या बेट केप टाउनहून सुमारे २,८०० किलोमीटरवर. ऑक्टोबर १९६१मध्ये तिथल्या एकुलत्या एका वस्तीला लागूनच जमीन फुगली, फाटली. अडीचशेहून अधिक गावकऱ्यांनी पहिली रात्र बटाट्याच्या शेतांत काढली. मग शेजारचं नाइटिंगेल बेट, पुढे डच जहाजानं केप टाउन आणि अखेर इंग्लंड. लाव्ह्यानं घरं जवळपास सगळी सोडली. गिळला तो शेवंडांचा कारखाना आणि होड्या लावायचा किनारा, म्हणजे पोटापाण्याचं साधनच! तरीही १९६२च्या मतदानात परतण्याच्या बाजूनं १४८, विरोधात अवघी ५ मतं. १९६३मध्ये गाव परतलं. पुढे बांधलेल्या बंदराला नाव दिलं कॅलशॉट, इंग्लंडमधल्या त्यांच्या निर्वासित छावणीचं.