आजोबांचे विसरणे आणि मेंदूची चित्रे

'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण घरातल्या वडीलधाऱ्यांचे विसरणे हसण्यावारी नेतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि रोजचा देवळाचा रस्ता चुकणे वेगळे. दुसऱ्यामागे स्मृतिभ्रंश असू शकतो. तो एकच आजार नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत. ते ओळखण्यास मेंदूची चित्रे कशी उपयोगी पडतात, हे आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या एका रुग्णाच्या मेंदूतील बदल प्रथम मांडले. पण ते रुग्णाच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकातून पाहून. आज रुग्णाच्या हयातीतच बरेच काही दिसते.

सीटी स्कॅन व एमआरआय मेंदूची रचना दाखवतात. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा 'हिप्पोकॅम्पस' हा भाग बहुधा आकसलेला दिसतो. रक्तपुरवठा बिघडून झालेल्या स्मृतिभ्रंशात पक्षाघाताच्या खुणा दिसतात. पेट स्कॅनमध्ये मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते कळते. 'फ्रंटोटेम्पोरल' प्रकारात कपाळामागचा भाग मंदावतो, म्हणून विसरण्याआधी माणसाचा स्वभावच बदलू शकतो. 'लेवी बॉडी' प्रकारात मागचा, दृष्टीशी संबंधित भाग मंदावतो; रुग्णाला नसलेली माणसे दिसतात.

प्रकार कळून उपयोग काय? असे भास थांबवण्यासाठी दिली जाणारी काही औषधे लेवी बॉडीच्या रुग्णाला घातक ठरतात. कधी चित्रात डोक्याला मार लागून साकळलेले रक्त किंवा मेंदूत साठलेले पाणी आढळते. अशा वेळी शस्त्रक्रियेने पुष्कळ सुधारणा होऊ शकते.

मात्र नुसत्या चित्रावरून निदान होत नाही. एकाच रुग्णात दोन प्रकारही असू शकतात. थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही विसरणे वाढते, म्हणून रक्त तपासावे लागते. घरच्यांनी सांगितलेली हकिकत तर सर्वांत महत्त्वाची. तेव्हा पालकहो, 'वय झाले' म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि बालमित्रांनो, आजोबांजवळ सर्वांत जास्त वेळ तुम्हीच असता. त्यांनी तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तर हसू नका. पाचव्यांदा उत्तर द्या आणि आईबाबांच्या कानावर घाला.