आरतीच्या मध्ये पान उलटू नये

सकाळी सात. मार्गशीर्ष लागला की नजरबादेतल्या माझ्या छपाईच्या खोलीत दत्तजयंतीची कामं येऊ लागतात. म्हैसुरात पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांची घरातली भाषा मराठी आणि बाजाराची कन्नड. देवघरात पोथ्या असतात, त्या आता जीर्ण झाल्यात. आज दोन कामं आहेत: एका जुन्या पोथीची नवी प्रत आणि एक आरतीसंग्रह. दोन्हींत मजकूर तयार आहे. उरतं ते पानं लावणं, आणि माझ्या मते पुस्तक तिथेच घडतं किंवा बिघडतं.

साडेसात. पोथी शिळाछापाची, सुट्या आडव्या पानांची. कडा हात लावताच झडतात, म्हणून ती कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये घालायची नाही. काचेवर एकेक पान ठेवून आधी सगळ्या पुढच्या बाजू घेतो, मग अख्खा गठ्ठा पालथा करून मागच्या. दोन फाइली होतात. एकीत १, ३, ५ असं ७९पर्यंत, दुसरीत ८०पासून उलट २पर्यंत.

या दोन फाइलींची पानं एकमेकांत ओवायला मी टर्मिनलमध्ये क्यूपीडीएफ वापरतो. त्याला ‘कोलेट’ सांगायचं आणि दुसऱ्या फाइलीपुढे ‘झेड-१’ लिहायचं, म्हणजे शेवटच्या पानापासून पहिल्याकडे. एक ओळ, आणि ८० पानं क्रमाने लागतात. मागच्या बाजू उलट्या आल्या असतील तर त्याच आज्ञेत सम पानं १८० अंशांनी फिरवता येतात. माऊसने ८० पानं ओढत बसलं की एखादं निसटतंच, आणि कुठलं निसटलं ते सापडत नाही. लिहिलेली आज्ञा पुन्हा वाचून तपासता येते. पुढच्या पोथीला तीच कामी येते.

नऊ. मैलारी हॉटेलात मऊ डोसा आणि लोणी. येताजाताना नजरबादचा इतिहास आठवतो. टिपूने जुन्या म्हैसूरचा किल्ला पाडून दगड इथे नवं नगर उभारायला आणले. १७९९मध्ये त्याचं राज्य गेल्यावर तेच दगड परत नेऊन किल्ला पुन्हा बांधला.

दहा. पोथी छापायची तर तिच्या चालीने छापली पाहिजे. पुस्तकाचं पान डावीकडे उलटतं, पोथीचं वर. हा लांबट आकार ताडपत्राचा वारसा. १९०५मध्ये शामशास्त्रींच्या हाती कौटिल्याचं अर्थशास्त्र आलं ते याच शहरातल्या ग्रंथालयात, आणि तेही ताडपत्रांवरच. ते १९०९मध्ये छापून निघालं.

आडव्या ए४ कागदावर मी दोन पट्ट्या वर-खाली बसवतो आणि छापून झाल्यावर मधोमध कापतो. पहिल्या कागदाच्या पुढे १ आणि ४१, मागे ४२ आणि २. हा क्रम विचित्र वाटेल, पण कागद लांब कडेवर पालथा पडतो तेव्हा वरची पट्टी खाली जाते. म्हणून १च्या पाठीशी २ आणि ४१च्या पाठीशी ४२ येतं. कापल्यावर वरचा गठ्ठा खालच्यावर ठेवला की पोथी सलग. प्रिंटरला ‘लांब कड’ सांगायला विसरू नये, नाहीतर प्रत्येक पानाची पाठ उलटी छापली जाते.

बारा. आरतीसंग्रहाच्या मावशी आल्या. ए५ आकाराची ४५ पानं, अक्षर मोठं. मधोमध घडी घालून पिना मारायच्या पुस्तिकेला पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे ४८. तीन पानं कोरी घालायची. पानं मांडणाऱ्या पीडीएफजॅमला नुसतं ‘बुकलेट’ म्हटलं तर ते तिन्ही पानं मुकाट्याने शेवटी टाकतं. हिशेब बरोबर, पण पुस्तक वाचणाऱ्याची त्यात सोय नाही.

मावशी म्हणाल्या, “अरे, करुणात्रिपदी चालू असताना पान उलटायला लावू नकोस. हातात टाळ असतात.”

माझ्या दृष्टीने सगळ्या मांडणीचा निकाल त्या टाळांनी लावला. दत्तभक्त टेंबेस्वामींची करुणात्रिपदी म्हणजे तीन पदं, या अक्षरात दोन पानं. मूळ फाइलीत ती २२ आणि २३वर आहे. शीर्षकामागे एक कोरं पान हवंच. ते घातलं की ती सरकून २३–२४ होते, म्हणजे नेमकी पानाच्या दोन अंगांना. म्हणून तिच्या आधी आणखी एक कोरं. आता ती २४–२५वर, समोरासमोर, आणि ४८ पानांच्या पुस्तिकेत हीच मधली जोडी. पिना इथेच बसतात, त्यामुळे पुस्तिका या पानांवर सपाट उघडी राहते. तिसरं कोरं शेवटी.

पीडीएफजॅममध्ये कोऱ्या पानाची खूण म्हणजे रिकामा महिरपी कंस. यादी अशी झाली: १,{},२-२१,{},२२-४५,{}. या पहिल्या फेरीत कागद ए५ आहे हे सांगावं लागतं, नाहीतर ते सहसा ए४ धरून मजकूर फुगवतं.

करुणात्रिपदीआधीच्या कोऱ्या पानावर चित्र घालू का, विचारलं. “राहू दे कोरं. सुनेच्या माहेरची एक आरती आहे, ती हाताने लिहून घेऊ.” किती घरांतल्या संग्रहांत अशी निळ्या शाईची पानं मी पाहिलीत! तीच सर्वांत जास्त हाताळलेली असतात.

तीन. दुसरी फेरी: आडवा ए४, बुकलेट. प्रत्येक बाजूच्या दोन पानांची बेरीज ४९ आली पाहिजे: ४८ आणि १, २ आणि ४७, शेवटी २४ आणि २५. ही बेरीज मी कागदावर पेन्सिलने करतो. इथे प्रिंटरला ‘आखूड कड’ सांगायचं, पोथीच्या नेमकं उलट. बारा कागद एकात एक घडी केले की मधले बाहेर सरकतात. ८० ग्रॅमच्या कागदाला साधारण मिलिमीटरभर. कड कापल्यावर तेवढा समास मधल्या पानांचा जातो, आणि मधल्या पानांवरच तर करुणात्रिपदी. समास आधीच सैल ठेवला.

पाच. फॉन्ट फाइलीत बसलेत का ते पीडीएफफॉन्ट्सने पाहिलं. एखादा राहिला तर दुसऱ्या मशीनवर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

सहा. नमुना प्रत घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी ती जमिनीवर उघडी ठेवली, उभं राहून दोन कडवी म्हणून पाहिली आणि अक्षर अजून एक घर मोठं मागितलं. ४५ची पन्नासेक पानं होतील, पट ५२चा, मधली जोडी २६–२७. करुणात्रिपदी दोन पानांत मावेल का तेच आधी बघायचं. नाही मावली तर तीन पदांपैकी कुठलं कुठे तोडायचं हे त्यांनीच सांगावं, असं ठरलं.