वाशिम : राज्याच्या वाढीत मागे राहिलेला जिल्हा

वाशिम जिल्ह्यातील रिठद (ता. रिसोड) परिसराचे अर्थकारण सोयाबीन, तूर आणि पावसावर चालते. राज्यातील उद्योग व सेवाक्षेत्र मात्र मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटले. त्यामुळे राज्य श्रीमंत होत असतानाही दरडोई उत्पन्नातील प्रादेशिक दरी कायम राहिली.

विकासाच्या आरंभी अशी विषमता वाढते व पुढे घटते, असे अर्थतज्ज्ञ जेफ्री विल्यमसन यांनी १९६५ मध्ये मांडले. ही घट आपोआप होईल असे गृहीत धरणे मागास भागांवर अन्यायकारक आहे. सिंचन, रस्ते, शिक्षण आणि प्रक्रिया उद्योगांतील गुंतवणूक तेथे पोहोचावी लागते.

प्रादेशिक विषमता आणि वाशिम यांबाबतचे काही टप्पे :
१९८४ : दांडेकर समितीचा प्रादेशिक विकासातील अनुशेषाचा अहवाल
१९९४ : वैधानिक विकास मंडळे
१९९८ : अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा
२०१८ : आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचा समावेश