शुश्रूषागृहाची पारख

घरांतील वडील माणूस शुश्रूषागृहांत ठेवावयाचें म्हटलें कीं, आपल्या कुटुंबांत प्रथम निघतो तो "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न, आणि तो कसाबसा मिटला म्हणजे जागेची पसंती फाटकापाशींच उरकते. बाग आहे, फरशी चकचकीत आहे, दर्शनी दालनांत समई तेवते आहे, व्यवस्थापक गोड बोलतात, झालें! आमच्या घरींही असेंच घडलें.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या सासूबाई न्हाणीघरांत घसरल्या आणि त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. वय ८१. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. पण खरें काम पुढेंच आहे, असें डॉक्टरांनीं बजावलें. या वयांत अंथरुणावर पडून काढलेला प्रत्येक दिवस पायांतील शक्ति खात असतो. घरांत माणसें सात. परंतु त्यांना आधार देऊन दिवसांतून चार वेळां उभें करील असें शिकलेलें माणूस एकही नाहीं. तेव्हां थोरल्या भावोजींनीं गांवाबाहेरचें एक शुश्रूषागृह पाहिलें व सहा आठवड्यांचे पैसे भरले.

दहाव्या दिवशीं रविवार होता. मी व जाऊबाई भेटीची वेळ न पाहतां सकाळीं सातलाच तेथें गेलों. पाण्याचें भांडें खाटेपासून हातभर दूर, घंटेचें बटण उशीमागें अडकलेलें, बारा खाटा आणि परिचारिका एकच. सासूबाई म्हणाल्या, "घंटा वाजवून येतंय कोण? मी पाणीच कमी पितें. म्हणजे उठायला नको." जाऊबाईंनीं त्यांच्या पायांवरील चादर दूर केली. डाव्या टांचेवर रुपयाएवढा लाल चट्टा होता. बोटानें दाबला तरी पांढरा होईना. एकाच स्थितींत तासन् तास पडून राहिल्यानें हाडावरील त्वचेस रक्त पोंचत नाहीं, त्याची ही पहिली खूण. टांच उशीच्या आधारें अधांतरीं ठेवली व कूस वेळेवर बदलली तर ती मावळते. एरवीं तेथें जखम होते व ती खोल जाते. खाटेच्या पायथ्याशीं मात्र 'दर दोन तासांनीं कूस बदलली' असा तक्ता टांगलेला, आणि त्यावर संध्याकाळपर्यंतच्या सह्या सकाळींच होऊन चुकल्या होत्या!

अमेरिकेंतील पुतण्याला हें सांगितलें तेव्हां त्याला मुळींच नवल वाटलें नाहीं. तिकडे १९८७ सालीं कायदा झाला व रुग्णांना विनाकारण बांधून ठेवणें, गुंगीचीं औषधें देणें यांस मनाई झाली. डिसेंबर २००८ पासून सरकार अशा प्रत्येक गृहास एक ते पांच तारे देतें. तपासनीस न सांगतां येतात. पण नोकरवर्गाचे आंकडे आरंभीं गृहेंच भरून देत. विद्यार्थ्यानें आपलीच उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार! २०१८ पासून हे आंकडे पगारपत्रकांवरून घेऊं लागले, तेव्हां शनिवार-रविवारीं माणसें पुष्कळ कमी असतात हें उघड झालें. २०२२ पासून त्या दोन दिवसांची मोजणीही ताऱ्यांत धरतात. आमचा रविवार केवळ योगायोगाचा. पण तोच कामास आला.

व्यवस्थापकांनीं क्षमा मागितली आणि अधिक चांगली खोली देऊं केली. खोलीला काय करावयाचें! "रात्रीं किती रुग्णांमागें किती माणसें?" या प्रश्नाला त्यांनीं सरळ उत्तर दिलें नाहीं. भरलेल्या पैशांसाठीं भावोजी अडून बसले होते. जाऊबाईंनीं त्यांना टांचेचें छायाचित्र दाखविलें, तेव्हां ते उठले.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इस्पितळांत आम्ही चार दिवस पाळीपाळीनें त्यांच्या उशाशीं बसलों. पण त्यांच्या टांचा आम्हांपैकीं एकानेंही पाहिल्या नव्हत्या. घरचें माणूस जवळ असलें म्हणजे शुश्रूषा होतेच, असें नाहीं.

दुसरी जागा जुन्या वाड्यांत आहे. भिंतींचा चुना उडालेला, बाग नाहीं. पण रात्रीं आठ रुग्णांस दोघीजणी जाग्या असतात. व्यायाम शिकविणारे रविवारीं येत नाहींत, हें त्यांनीं पहिल्याच भेटींत सांगितलें. त्या दिवसाचा व्यायाम त्यांच्या देखरेखीखालीं जाऊबाईंनीं शिकून घेतला. आम्ही केव्हांही गेलों तरी दार उघडतें. टांचेचा चट्टा तिसऱ्या आठवड्यांत गेला. काल सासूबाई चौकट धरून व्हरांड्यापर्यंत चालत आल्या, आणि येथील आमटींत गूळ घालीत नाहींत अशी तक्रार करीत खुर्चींत बसल्या.