आर्जिनीनची पुडी शरीरात काय करते?

पोटातल्या बाळाची वाढ कमी वाटली, तर स्त्रीरोगतज्ज्ञ अनेकदा आर्जिनीनच्या पुड्या लिहून देतात. व्यायाम करताना स्नायू फुगून दिसावेत म्हणून जिममधली मुलेही तीच भुकटी घेतात. ‘प्रथिनातलाच घटक आहे, त्याने काय होणार?’ असे म्हणून पुडी फोडली जाते. काय होऊ शकते आणि कोणाला, हे समजून घ्यायचे तर तिचा शरीरातला मार्ग पाहावा लागेल.

आर्जिनीन हे अमिनो आम्ल आहे. निरोगी प्रौढ माणसाचे शरीर ते स्वतः तयार करते. शिवाय डाळी, तीळ, मांस, मासे यांतूनही ते मिळते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ते साधारण ३ ग्रॅम असते. पण दाण्यांतले आर्जिनीन प्रथिनांच्या साखळीत बांधलेले असते आणि पचन होता होता हळूहळू सुटते. पुडीतले सुटेच असते, त्यामुळे ३ ग्रॅमची मात्रा आतड्यात एकदम उतरते. रेणू तोच असला, तरी त्याचा वेग निराळा.

पहिला त्रास आतड्यातच होतो. शोषले न गेलेले आर्जिनीन पाणी ओढून घेते. त्यातून मळमळ, पोटफुगी, पातळ जुलाब होतात. एका वेळी ९ ग्रॅमहून जास्त घेतले, तर हे जास्त आढळते. मात्रा विभागून घेतली की बहुधा त्रास कमी होतो.

शोषले गेलेले सगळे आर्जिनीनही पुढे पोचत नाही. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात आर्जिनेज नावाचे विकर असते. ते आर्जिनीन तोडून ऑर्निथिन आणि युरिया बनवते. उरलेले रक्तात जाते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातले दुसरे एक विकर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. त्याने वाहिनीचा स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते आणि रक्तप्रवाह वाढतो. या वायूच्या निरोप्याच्या कामाचा शोध लावल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. गर्भवतीच्या चिठ्ठीमागे आणि जिमच्या डब्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र निरोगी पेशींत आर्जिनीन एरवीही पुरेसे असते. त्यामुळे दुप्पट भुकटीने दुप्पट परिणाम, हे गणित जमत नाही.

वाहिन्या सैलावल्या की रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, छातीत दुखण्यावर नायट्रेट घेतले जात असेल किंवा सिल्डेनाफिल घेतले असेल, तर परिणामांची बेरीज होते. उठून उभे राहताच चक्कर येऊ शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे.

सर्वांत गंभीर इशारा हृदयरुग्णांना आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. काहींना रोज ३ ग्रॅम तीनदा आर्जिनीन दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय मात्रा. आर्जिनीनच्या गटात सहा जण दगावले, दुसऱ्या गटात कोणीही नाही. रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही कमी झाला नव्हता. नवे रुग्ण घेणे तिथेच थांबवले गेले. चाचणी छोटी होती, पण झटक्यानंतर आर्जिनीन घेऊ नये हा सल्ला तेव्हापासून पक्का झाला.

मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर आणखी एक धोका आहे. आर्जिनीन पेशीत शिरताना पोटॅशियम बाहेर ढकलले जाते. शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेत हे विशेष दिसते. मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकले नाही, तर हृदयाचे ठोके बिघडतात. स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल, तर जपावे. दमा आणि नागीण असलेल्यांनीही आधी विचारून घ्यावे.

म्हणजे बहुतेक निरोगी माणसांना ठरावीक मात्रेत पोटाच्या तक्रारीपलीकडे फारसे काही होत नाही. खरा धोका आधीच्या आजारातून आणि चालू गोळ्यांतून येतो. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर तो औषधी वापरासाठी नसल्याचे छापलेले असते, पण तुमचा आजार त्या डब्याला ठाऊक नसतो. म्हणून ‘कोणती औषधे घेता?’ असे डॉक्टरांनी विचारले, की जिममधल्या भुकटीचेही नाव घ्यावे.