ट्रॅक्टरचे तेल जाते कुठे?

इंजिनात ऑइल भरले. आठ दिवसांनी पाहिले, तर कमी. पुन्हा भरले, पुन्हा कमी. डबे आणून आणून माणूस कंटाळतो. मग कोणीतरी म्हणतो, "इंजिन ऑइल खातंय. कामाला आलं."

इंजिन कामाला आले, म्हणजे ते खोलायचे. त्यात हजारो रुपये जातात. ऐन उसाच्या हंगामात ट्रॅक्टर दारात उभा राहतो. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. म्हणून इंजिन खोलण्याआधी तेल कोठून जाते ते आपण शोधू या. पुष्कळदा ते एखाद्या साध्या जागेतून जात असते.

बैलगाडीच्या कण्याला आपण वंगण घालतो. ते नसले तर चाक करकरते, कणा झिजतो. इंजिनात तर काम करताना लोखंड एका मिनिटात दोन हजार वेळा फिरते. मधे तेलाचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांवर घासत नाही. हा थर तुटला की थोड्या वेळात इंजिन जाम होते.

आधी तेल खरेच कमी होते का ते पाहू. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल खाली उतरते. गेजची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालावी आणि मग पाहावी. तेल दोन खुणांच्या मधे हवे. उतारावर पाहिले तर पट्टी खोटे सांगते. वरच्या खुणेच्या वर तेल भरू नये. जास्तीचे तेलही गळते आणि जळते.

आपल्याला आता लिहिता येते. त्याचा येथे उपयोग करावा. एक वही ट्रॅक्टरवरच ठेवावी. तीत लिहावे: "१२ तारीख. मीटर ८४० तास. अर्धा लिटर टाकले." महिनाभराने ही वही मिस्त्रीला दाखवली, तर तो अंदाजाने बोलणार नाही.

एखादे वेळी तेल कमी न होता वाढलेलेच दिसते. त्याने खूश होऊ नये. तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर त्यात डिझेल उतरत आहे. तेल ताकासारखे पांढरट दिसत असेल, तर पाणी शिरले आहे. असे इंजिन चालवू नये. मिस्त्रीला बोलवावे.

तेल जाण्याचे मोठे रस्ते दोनच. एक तर ते बाहेर गळते, नाही तर आत जळते.

गळती शोधायची तर इंजिन धुवावे लागते. काळ्या, चिकट इंजिनावर गळती दिसत नाही. इंजिन थंड असताना ब्रश आणि थोडे डिझेल घेऊन ते स्वच्छ करावे, फडक्याने कोरडे करावे. त्या वेळी जवळ विडी ओढू नये. नंतर संशयाच्या जागांवर खडूची पूड भुरभुरावी. अर्धा तास इंजिन चालवून बंद करावे. पूड जेथे ओली झाली, तेथे गळती. चालू इंजिनाजवळ वाकताना उपरणे, पदर, सैल बाही सांभाळावी. पंख्याचा पट्टा कोणाला ओळखत नाही.

तेल वरून खाली वाहते आणि पंख्याची हवा ते मागे ढकलते. म्हणून जेथे थेंब पडतो, तेथेच गळती असते असे नाही. ओल्या जागेवरून बोट वर वर नेत जावे. सर्वांत वरची ओली जागा हीच खरी जागा. रात्री खाली मोठा पुठ्ठा अंथरून ठेवला, तर सकाळी किती गळले तेही कळते.

आता कोठे कोठे पाहायचे? खाली चेंबरला तेल काढायचा नट असतो. त्याचा तांब्याचा वायसर दबून गेलेला असतो. तो नवा घालावा. नट मात्र जोर करून आवळू नये. आटे गेले, तर चेंबरच बदलावे लागेल. नंतर ऑइल फिल्टर. नवा फिल्टर बसवताना जुन्याचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले, तर दोन रबरे एकावर एक बसतात आणि तेल धो धो जाते. जागा पुसून, बोटाने चाचपून मगच फिल्टर बसवावा. नव्या रबराला तेलाचे बोट लावावे आणि फिल्टर हातानेच आवळावा. पान्याची गरज नाही. वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग वाळते, तेही बदलता येते.

आणखी एक जागा आहे. तिकडे फार थोडे लोक पाहतात.

पिस्टनच्या कडेने थोडा धूर नेहमीच खाली चेंबरमध्ये येतो. तो बाहेर जावा म्हणून इंजिनाला एक नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. भात शिजताना झाकण घट्ट बसले की काय होते? वाफ कडेने फुसफुसते आणि पेज उतू जाते. ब्रीदर तुंबला की तसेच होते. कोंडलेला धूर तेलाला प्रत्येक फटीतून बाहेर ढकलतो. चांगली सीलेही गळू लागतात. आम्ही एका गावी असा ट्रॅक्टर पाहिला. पावसाळाभर तो गोठ्याशेजारी उभा होता. नंतर चारी बाजूंनी तेल येऊ लागले. सगळी सीले बदला, असे मालकाला सांगण्यात आले होते. नळी पाहिली, तर आत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले! तारेने माती काढली, नळी डिझेलने धुतली. गळती थांबली. खर्च काही नाही.

बाहेर सगळे कोरडे आहे आणि तरी तेल कमी होते, तर धुराकडे पाहावे. काळा धूर तेलाचा नव्हे. डिझेल जास्त किंवा हवा कमी, असा त्याचा अर्थ. तेल जळते तेव्हा धूर निळसर असतो. सकाळी चालू करताना थोडा निळा धूर येऊन थांबला, तर दोष बहुधा वरच्या व्हॉल्व्हकडे असतो. ट्रॉली ओढताना सतत निळा धूर आला, तर रिंगा झिजल्या असतील. पण येथेही घाई नको. जुन्या ट्रॅक्टरात हवा गाळायला तेलाची वाटी असते. तीत खुणेच्या वर तेल भरले, तर इंजिन तेच ओढून जाळते. आधी वाटी पाहावी, ब्रीदर पाहावा. मग मिस्त्रीला कॉम्प्रेशन मोजायला सांगावे. आकडा पाहून इंजिन खोलावे, नुसत्या बोलण्यावर नाही.

राहिले मागचे सील. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात, तेथे खाली पुष्कळ ट्रॅक्टरांना छोटे भोक असते. तेथून काळे तेल ठिबकले तर ते बहुधा इंजिनाचे. गिअरबॉक्सचे तेल सहसा इतके काळे नसते. हे सील बदलायला ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. काम मोठे आहे. हंगाम संपेपर्यंत थांबता येईल का? थेंब सावकाश पडत असेल, वहीतला आकडा वाढत नसेल आणि रोज सकाळी गेज पाहिले जात असेल, तर थांबायला हरकत नाही. क्लच घसरू लागला, तर थांबू नये. आणि तेलाचा लाल दिवा लागला, तर शेताचे टोक गाठायचीही वाट पाहू नये. तेलाचा दाब गेल्यावरच तो दिवा लागतो. जेथे असाल तेथेच इंजिन बंद करावे.