मुलगा मोठा झाला, वजावट संपली?

सज्ञान मूल शिकत असेल, घरी बसून असेल किंवा अपंगत्वामुळे आयुष्यभर आईवडिलांवर अवलंबून असेल, तर प्राप्तिकरात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवे.

मार्च महिना जवळ आला की घराघरांत कागदांची शोधाशोध सुरू होते. विम्याचे हप्ते, कॉलेजच्या फीच्या पावत्या, बँकेचे दाखले सगळे कपाटातून बाहेर येते. त्यातच एक प्रश्न हमखास निघतो. 'मुलगा बावीस वर्षांचा झाला, अजून नोकरी नाही. सगळा खर्च मीच करतो. मग माझ्या करात त्याची सूट नको का?'

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून कोणी त्याचे ताट वेगळे वाढत नाही. पण प्राप्तिकराचा कायदा घराकडे या नजरेने पाहत नाही. अमेरिकेत १९ वर्षांखालील, पूर्णवेळ शिकत असल्यास २४ वर्षांखालील आणि पूर्ण व कायमचे अपंगत्व असल्यास कोणत्याही वयाचे मूल काही अटींवर आईवडिलांच्या विवरणपत्रात 'अवलंबून' म्हणून दाखवता येते. भारतात अशी सरसकट सोय नाही. मूल तुमच्यावर अवलंबून आहे एवढे इथे पुरत नाही; पैसा कशासाठी खर्च झाला, हे कायदा विचारतो.

अठराव्या वर्षी काय बदलते?

अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मुलाने स्वतःच्या कष्टाने वा कौशल्याने मिळवलेला पैसा मात्र याला अपवाद आहे. मूल सज्ञान झाले की ही जोडणी संपते. त्याचे उत्पन्न त्याचे, त्याचा पॅन वेगळा आणि कराची जबाबदारीही त्याचीच.

समजा, वडिलांनी एम. ए. करणाऱ्या मुलीला ५ लाख रुपये भेट दिले. या भेटीवर कर नाही आणि त्यावरील व्याजही मुलीचेच धरले जाते. तिचे दुसरे उत्पन्न नसेल तर तिला कर भरावा लागणार नाही. पण हीच रक्कम पत्नीला किंवा सुनेला दिली, तर तिच्यावरील व्याज पुन्हा देणाऱ्याच्याच उत्पन्नात येते. मुलगा चालतो, सून चालत नाही, हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

अशी भेट बँकेमार्फत द्यावी आणि साधे भेटपत्र लिहून ठेवावे. कर वाचवण्याच्या घाईत एक गोष्ट मात्र विसरू नये. एकदा दिलेला पैसा मुलाचा होतो. म्हातारपणासाठी राखलेली पुंजी अशी देऊन टाकणे शहाणपणाचे नाही.

फी, कर्ज आणि विमा

शिकणाऱ्या मुलासाठी जुन्या करप्रणालीत तीन वजावटी आहेत.

पहिली शिक्षण शुल्काची, म्हणजे कलम ८०सी. भारतातील शाळा, कॉलेज वा विद्यापीठातील पूर्णवेळ अभ्यासक्रमाची फी दोन मुलांपर्यंत धरता येते. मुलाच्या वयाची अट नाही. पण विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरे सगळे मिळून मर्यादा १,५०,००० रुपयांचीच आहे. देणगी, विकास निधी आणि परदेशी कॉलेजची फी यात येत नाही.

दुसरी शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची, म्हणजे कलम ८०ई. व्याजाला रकमेची मर्यादा नाही. व्याज भरायला सुरुवात केल्यापासून जास्तीत जास्त ८ वर्षे ही वजावट मिळते. मूल अवलंबून असलेच पाहिजे, असेही नाही. मात्र कर्ज बँकेचे किंवा मान्यताप्राप्त संस्थेचे हवे. काकांकडून वा मित्राकडून घेतलेले चालत नाही. शिवाय वजावट कर्ज घेणाऱ्यालाच मिळते. कर्ज एकट्या मुलाच्या नावावर आणि हप्ते वडिलांच्या खात्यातून, अशी व्यवस्था असेल तर वडिलांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वीच हा विचार करावा.

तिसरी आरोग्य विम्याची, म्हणजे कलम ८०डी. स्वतः, पती वा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्या हप्त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. हप्ता रोखीने भरलेला नसावा. मुलगा कमावता झाला की त्याच्यासाठी भरलेला हप्ता यात धरता येत नाही.

जिथे वय आड येत नाही

कायद्यात 'अवलंबून' या शब्दाला खरे वजन येते ते कलम ८०डीडीमध्ये. मूल दिव्यांग असेल आणि पूर्णपणे वा मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असेल, तर त्याच्या वयाला मर्यादा नाही. मुलगी १० वर्षांची असो वा ४०ची, अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये वजावट मिळते. मूल सज्ञान झाले की सवलत गेली, अशा समजुतीने कोणी हा हक्क सोडून देऊ नये.

औषधोपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण वा पुनर्वसनावर खर्च झालेला हवा किंवा मुलाच्या पुढील सोयीसाठी मान्य विमा योजनेत पैसे भरलेले हवेत. रक्कम ठरलेली आहे. खर्च तिच्यापेक्षा कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते. मुलाने स्वतःच्या विवरणपत्रात अपंगत्वाची वजावट घेतली असेल, तर मात्र पालकांना ती घेता येत नाही.

या योजनांमध्ये एक अडचण होती. पालकांच्या मृत्यूनंतरच मुलाला रक्कम मिळे. आईवडील निवृत्त झाले, हाती पैसा कमी झाला, तरी ठेव तशीच अडकून राही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ साली न्यायालयाने तरतूद रद्द केली नाही, पण सरकारने तिचा विचार करावा, असे सुचवले. २०२२च्या वित्त कायद्याने बदल झाला. आता पालकाने वयाची ६० वर्षे पूर्ण केल्यावर आणि हप्ते थांबवल्यावर त्याच्या हयातीतच मुलासाठी रक्कम मिळू शकते.

कागदपत्रांत ढिलाई नको. वैद्यकीय प्रमाणपत्रावर फेरतपासणीची तारीख असेल, तर ती उलटण्यापूर्वी नवे प्रमाणपत्र काढावे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

आणखी एक गोष्ट कराइतकीच महत्त्वाची. अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान मुलासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो.

आधी करप्रणाली ठरवा

फी, व्याज, विमा आणि अपंगत्वाच्या या चारही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत आहेत. २०२३-२४पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मुदतीत निवडावी लागते. २०२५-२६पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. एवढ्या उत्पन्नाच्या कुटुंबाला वजावटींसाठी धावपळ करण्याची गरज नाही. उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत.

वर दिलेले कलमांचे क्रमांक १९६१च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६पासून लागू असलेल्या २०२५च्या कायद्यात हे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा फॉर्म भरताना नुसता आकडा न शोधता वजावटीचे नाव पाहावे.

मुलांसाठी केलेल्या खर्चाचा हिशेब आईवडील कधी मांडत नाहीत. पण कायद्याने देऊ केलेली सवलत मागण्यात संकोच कसला? विशेषतः ज्या घरात मूल आयुष्यभर सांभाळायचे आहे, तिथे वाचलेला प्रत्येक रुपया त्याच्या उद्याच्या कामी येणार आहे.